दुसऱ्या वहीतली झोप

डॉक्टर कित्तूर यांनी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ही तुमची," निळ्या वहीवर बोट ठेवत त्या म्हणाल्या, "आणि ही तुमच्या मिसेसची. तारीख तीच, खोली तीच, पलंग तोच. तुम्ही लिहिलंय, 'रात्रभर जागा. झोप शून्य.' आणि यांनी काय लिहिलंय बघा."

त्यांनी दुसरी वही माझ्याकडे वळवली. हेमांगीचं अक्षर लहान, उभट आणि ओळ न सोडणारं होतं. 'सव्वाबारा : झोपले आहेत. दोन : झोपले आहेत. पावणेचार : कूस बदलली. झोपले आहेत.'

"अशा चौदा रात्री," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या मते चौदा रात्रींत मिळून तुमचा तीन तास डोळा लागला. यांच्या मते तुम्ही रोज साडेपाच-सहा तास झोपता. आता मी कुणावर विश्वास ठेवू?"

त्या हसल्या. हसू मोकळं होतं, पण त्या वर्षी मला कुणाचंच हसू मोकळं वाटत नसे. मी हेमांगीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर रुग्णालयाच्या आवारात एक माळी पाइपानं पाणी घालत होता, आणि ती जणू त्याचं काम तपासायला आल्यासारखी एकाग्र झाली होती.

"खोटं कुणी बोलत नसेल," मी म्हणालो.

"अगदी बरोबर. म्हणूनच तपासायचं. एक रात्र इथं झोपा. यंत्र काय म्हणतंय ते पाहू."

मी मान हलवली. पण माझं लक्ष अजून त्या दुसऱ्या वहीवर होतं. मी झोपलो होतो की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला होता. मी जागा असतो, हे मला ठाऊक होतं. मला छळत होतं ते वेगळंच. डॉक्टरांनी हेमांगीला सकाळी उठून दोन ओळी लिहायला सांगितलं होतं, रात्रभर जागायला नव्हे. चौदा रात्री, दोन वाजता आणि पावणेचार वाजता माझ्या झोपेची नोंद करणारी ही बाई स्वतः त्या वेळी जागी का होती?

या गोष्टीला आता तेरा वर्षं होतील. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मिरजेत मामांच्या कारखान्यात तंबोरे करत होतो. कारखाना म्हणजे तीन खोल्या, वाळत टांगलेले भोपळे आणि लाकडाचा भुसा. भोपळा कापणं, दांडी जोडणं ही कामं इतर जण करत. माझ्याकडे शेवटचं काम असे, जवारीचं. ज्या घोडीवरून तारा जातात तिची पाठ कानशीनं इतकी अलगद घासायची, की तार छेडली की तिचा आवाज एका ठिकाणी न थांबता उमलत जावा. एखादा हात जास्त पडला तर तार नुसती खणखणते, कमी पडला तर मुकी राहते. हे डोळ्यांनी दिसत नाही. इथं कानावरच भिस्त ठेवावी लागते, आणि माझ्या कानाबद्दल गावात चांगलं बोललं जाई. मी अबोल होतो, लोकांत मिसळत नसे. पण कान हा माझा असा एक भाग होता, ज्याला कुणासमोर मान खाली घालावी लागली नव्हती.

त्या वर्षी तोही बिनसू लागला. मामा तार छेडत, डोकं कलतं करत आणि म्हणत, "मुकुंदा, ही बोलत नाही रे. रडतीय." मग कानस माझ्या हातातून काढून घेत. त्यांनी रागावून घेतली असती तर बरं वाटलं असतं.

झोप गेली ती लग्नानंतर सहा महिन्यांनी. दिवसभर डोळ्यांत वाळू, रात्री पाठ टेकली की कान उघडे. आमचं घर दीड खोल्यांचं. प्लायवूडच्या पातळ भिंतीपलीकडे आई झोपत असे. ती कुशीवर वळली तरी इकडे कळे. अशा घरात नवराबायकोनं काय बोलायचं? हेमांगी मला 'अहो' म्हणे. आईसमोर म्हणे आणि आम्ही दोघंच असलो तरी म्हणे. "अहो, पाणी तापलंय." "अहो, डबा." तिची माझ्याशी होणारी बोलणी पोस्टकार्डावर मावतील एवढी होती. माझीही तेवढीच. ती विट्याची, तीन भावंडांत वाढलेली, माहेरी म्हणे घर डोक्यावर घेणारी. माझ्या घरात येऊन ती अशी मिटली होती, आणि हिला उघडायचं कसं हे मला कळत नव्हतं.

आणि मग मला तो आवाज ऐकू येऊ लागला.

भिंतीकडे तोंड करून मी पडलेला असे. मध्यरात्र उलटून गेलेली. पाठीमागून हेमांगीचं बोलणं येई. बारीक, कुजबुजतं, पण जिवंत. कधी लाडिक रागानं, कधी हसत. "अरे वेड्या," असं एकदा स्पष्ट ऐकलं. माझ्याशी ती अशी कधी बोलली नव्हती. नवऱ्याला एकेरी हाक मारणं तिच्या माहेरीही कुणी ऐकलं नसेल. म्हणजे जो कुणी होता, तो नवरा नव्हता. मला वळून पाहायचं असे. सगळं बळ एकवटून मी ठरवी, आता वळायचं. पण अंग हलत नसे. पहाटे उजाडलं की स्वतःची किळस येई. आपली बायको आपल्या पाठीमागे बसून कुणाशी तरी फोनवर बोलते, आणि आपल्याला मान वळवण्याचं धैर्य होत नाही!

दिवसा ती आंघोळीला गेली की मी तिचा फोन पाही. आईचे, भावाचे, एका शाळकरी मैत्रिणीचे फोन, तेही सगळे दिवसाउजेडी केलेले. रात्रीचा एकही नाही. कुणाला त्यानं समाधान वाटलं असतं. मला वाटलं, पुसायलाही शिकली आहे.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना तर नाहीच. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की झोप येत नाही. त्या रात्रीच्या तपासणीला मी एका कारणासाठी तयार झालो, आणि ते कारण माझ्या प्रकृतीशी संबंधित नव्हतं. मला कळलं होतं की रुग्णासोबत एका नातेवाइकाला राहावं लागतं, आणि बाजूच्या खोलीत कुणीतरी रात्रभर लक्ष ठेवून जागं असतं.

तपासणीच्या संध्याकाळी आम्ही आठ वाजता रुग्णालयात पोचलो. खोली स्वच्छ होती, एक उंच पलंग, बाजूला नातेवाइकासाठी बाकासारखी खाट, भिंतीवर घड्याळ नाही. नदाफ नावाचा तंत्रज्ञ ट्रे घेऊन आला. पन्नाशीचा, पान खाऊन ओठ लाल, तोंडाला विश्रांती नाही.

"बसा पावणं. घाबरू नका, करंट बिरंट काय नाही यात," माझ्या डोक्यावर केस बाजूला करून तो पांढरी चिकट पेस्ट लावू लागला. "आमचं आजोबा गाद्या करायचं, बगा. पिंजारी आम्ही. अख्ख्या मिरजंला त्यांनी झोपवलं. आणि नातू काय करतोय? गादीवर झोपलेल्यांवर पहारा!"

हेमांगी हसली. मोठ्यानं, खळखळून. मी दचकलो. घरात मी हे हसू दिवसा कधी ऐकलं नव्हतं. रात्री मात्र ऐकलं होतं. तेच होतं ते.

"ताई, तुमचं मालक घोरतात का?"

"नाही हो. घोरत नाहीत."

"मग पगार फुकट माझा," नदाफ म्हणाला. "घोरणारा असला की कसं, रात्र लवकर जाती."

हेमांगी पाण्याची बाटली भरून आणायला बाहेर गेली. माझ्या हनुवटीला, डोळ्यांच्या कडांना, पिंडऱ्यांना वायरी चिकटवून झाल्या होत्या. छातीवर आणि पोटावर पट्टे आवळले होते. नदाफनं छताच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"त्यो कॅमेरा. अंधारात पण बगतोय. आणि हितं तुमच्या उशापाशी माइक. श्वासाचा आवाज धरायला. समदं रेकॉर्ड होतंय. तुमची सही घेतलीच हाय, पण ताईंना पण कानावर घाला. मॅडमचा नियम हाय, खोलीत जो असंल त्याला म्हाईत पायजे."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही.

आज इतक्या वर्षांनीही मला तो क्षण नीट आठवतो. ती बाटली घेऊन आत आली, माझं ते वायरींनी वेढलेलं डोकं पाहून तिनं हसू दाबलं, आणि म्हणाली, "अहो, काही हवंय?" मी म्हणालो, "नको. तू झोप." माझा आवाज शांत होता. सापळा लावणाऱ्याचा आवाज नेहमी शांत असतो, हे मला तेव्हा कळलं.

दिवा गेला. बाजूच्या खोलीत नदाफची खुर्ची करकरली. मी डोळे मिटून वाट पाहू लागलो. जवारी काढताना जसा श्वास धरून बसतो तसा. दूर कुठं तरी गाडीची शिटी झाली, व्हरांड्यातून चपला घासत कुणी गेलं, नळाचा एक थेंब बराच वेळ पडायचा की नाही ठरवत राहिला. हे सगळं मी ऐकलं. मी जागा होतो. आणि खूप उशिरा, मला वाटलं होतं त्याच वेळी, ती बोलू लागली.

शब्द पूर्ण येत नव्हते. पाण्याखालून यावेत तसे येत होते. हसू. मग "वेड्या". मग बराच वेळ काही नाही. मग "रविवारी". आणि मग, अगदी जवळून, "आईंना काय सांगू?"

मी वळायचं ठरवलं. याही वेळी अंग हललं नाही. पण या वेळी मला त्याची लाज वाटली नाही. माझ्याऐवजी उशापाशीचं यंत्र जागं होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

सकाळी डोक्यावरची पेस्ट धुऊन, ओल्या केसांनीच मी डॉक्टरांसमोर बसलो. हेमांगी शेजारी. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर समुद्राच्या लाटांसारख्या रेषा होत्या.

"पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "एवढी झोप झाली. गाढ झोप कमी आहे, वरवरची जास्त. पण झोप आहे."

"शक्य नाही."

"मिस्टर सुतार, तुमच्यासारखे रुग्ण मी पाहते. तुम्ही खोटं बोलत नाही. शरीर झोपतं, पण मेंदूचा एक कोपरा आवाज टिपत राहतो. सकाळी माणसाला वाटतं, आपण रात्रभर जागे होतो. हाही आजारच आहे, आणि याला उपचार आहे."

"मी जागा होतो," मी म्हणालो. माझा आवाज चढला. माझा आवाज चढू शकतो हे त्या खोलीत कुणालाच, मलासुद्धा, ठाऊक नव्हतं. "सिद्ध करून देतो. रात्री ही बोलत होती. मी ऐकलं. झोपलेला माणूस ऐकेल का?"

शेजारी हेमांगीची हालचाल थांबली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी नदाफच्या नोंदींचा कागद ओढला. "हो, लिहिलंय. दोन वीस ते दोन एकेचाळीस, नातेवाईक बोलत आहेत." मग त्यांनी त्या रेषांवर बोट नेलं. "आणि हे दोन वीस. बघा. ह्या वेळी तुम्ही झोपेत होता. वरवरच्या झोपेत. आवाज पोचला असेल, पण हात हलवायला सांगितलं असतं तर हलला नसता."

तो हात न हलण्याचा उल्लेख माझ्या कानांवर आदळला. पण मी तो आत घेतला नाही. मी दुसऱ्या टोकाला धरून होतो.

"मला ते रेकॉर्डिंग ऐकायचंय."

"रेकॉर्डिंग?" हेमांगी म्हणाली.

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यांना माइकबद्दल सांगितलं नव्हतं?"

नदाफ दारात उभा होता. "मी पावण्यांना बोललो होतो मॅडम," तो पुटपुटला, "ताईंना सांगा म्हणून."

"नको," हेमांगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "डॉक्टर, ते नका लावू."

आणि माझ्या आत काहीतरी विजयानं उठून उभं राहिलं. लपवण्यासारखं काही नसतं तर ती घाबरली असती का? वर्षभराच्या संशयाला पहिल्यांदा जमीन मिळाली होती. मला दुःख व्हायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

"तपासणी तुमची," डॉक्टर मला म्हणाल्या. आवाजातला मोकळेपणा गेला होता. "पण आवाज यांचा आहे. यांची परवानगी नसेल तर मी तो भाग पुसून टाकीन."

हेमांगी उठली. तिनं पदर नीट केला, पर्स घेतली. दाराशी जाऊन वळली. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"ऐकू द्या त्यांना," ती म्हणाली. "त्याशिवाय बरं वाटायचं नाही."

नदाफनं मला बाजूच्या खोलीत त्याच्या खुर्चीवर बसवलं, कानांवर हेडफोन दिला, आणि नेहमीची बडबड न करता दार लोटून घेतलं. पडद्यावर राखाडी उजेडात मीच दिसत होतो. वायरींचं जावळ असलेला, तोंड किंचित उघडं, गाढवासारखा झोपलेला. झोपलेल्या माणसाकडे पाहिलं की कळतं तो झोपलाय. त्यासाठी रेषा लागत नाहीत. खाटेवरून हेमांगी उठली. अनवाणी आली आणि माझ्या उशाशी स्टुलावर बसली. तिच्या हातात फोन नव्हता. दोन्ही हात रिकामे होते.

"झोपलास?" ती कुजबुजली. थांबली. "झोपलास. बघ, तोंड कसं उघडं टाकलंय. आणि सकाळी डॉक्टरबाईंना सांगणार, डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून." ती हसली. "अरे वेड्या, एवढ्या वायरी लावल्यात तुझ्या डोक्याला. त्यातली एखादी तरी सांगेल का रे, तू माझ्याशी का बोलत नाहीस ते?"

तिनं माझ्या गालावरची सुटलेली पट्टी बोटानं दाबली. मी पडद्यावर हललो नाही.

"परवा आमटीत मीठ जास्त झालं होतं ना? मुद्दाम घातलं होतं. म्हटलं, ओरडशील तरी. तू तांब्याभर पाणी प्यालास आणि उठलास. आई काय म्हणाल्या माहितीये? 'लक्ष कुठं असतं गं तुझं?' लक्ष कुठं असणार... माझा फोन बघतोस ना तू? मी मोरीच्या फटीतून बघितलंय. म्हटलं, बघू दे. सापडलं काही तर मलाही सांग."

मग नुसता माझा श्वास ऐकू येत होता. संथ, खोल, झोपलेल्या माणसाचा.

"दादाला फोन केलाय मी. रविवारी येतोय न्यायला. तुला दिवसा सांगायला गेले तर तू असं बघतोस, जसा मी काही गुन्हा केलाय. चौकीवरच्या पोलिसासारखा. तेव्हा शब्दच फुटत नाही. रात्री बरा असतोस. रात्री माझा असतोस." आवाज घोगरा झाला. "आईंना काय सांगू? बरी सून होती म्हणतील का रे, गेल्यावर?"

पुढेही काही होतं. मी हेडफोन काढला.

माझा कान चुकला नव्हता. त्यानं हसू ऐकलं ते खरं होतं, रविवार ऐकला तो खरा होता. कानानं आणून दिलेल्या तारा मी ज्या घोडीवर चढवल्या होत्या, ती घोडीच वाकडी होती. आणि वर्षभर ज्याला मी माझा भित्रेपणा म्हणत आलो, ती निव्वळ झोप होती. रोज रात्री माझी बायको ज्याच्याशी बोलत होती, त्याचा मी इतका द्वेष केला होता. आणि तो बिचारा माझ्याच अंथरुणावर, तोंड उघडं टाकून, काही न ऐकता पडलेला असे.

बाहेर आलो तेव्हा डॉक्टर व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी एक कागद दिला. "उपचार आजपासून. रात्री बारापर्यंत आडवं व्हायचं नाही. पाचला उठायचं, झोप झालेली असो नसो. दुपारी पडायचं नाही. घड्याळ खोलीबाहेर. झोप नाही आली तर उठून दुसऱ्या जागी बसायचं, पलंगावर पडून पहारा द्यायचा नाही. चालू असलेल्या झोपेच्या गोळ्या मी हळूहळू बंद करीन." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि दोन वह्या आता नकोत. एकच."

तो उपचार पुढे चार महिने चालला. पहिले तीन आठवडे मी उभ्या उभ्या पेंगत होतो, डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. एकदा तर मामांच्या कारखान्यात भोपळ्याला टेकून झोपलो. मग झोप हळूहळू खोल गेली. ते सगळं कागदावर लिहिल्याबरहुकूम झालं. पण त्या सकाळी मला त्या कागदातलं एक अक्षर दिसत नव्हतं. माझी नजर आवारात तिला शोधत होती.

ती माळ्यानं नुकत्याच भिजवलेल्या वाफ्याजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. गाडीची वाट पाहणारे बसतात तशी. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

"माइक आहे हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"हो."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"नाही."

"का?"

खोटं बोलता आलं असतं. विसरलो म्हणता आलं असतं. वायरींच्या गडबडीत कुणीही विसरला असता. तिनं कदाचित मानलंही असतं. पण मग रविवारी ती एका खोट्या माणसालाच सोडून गेली असती. मी बाकाच्या उखडलेल्या सिमेंटकडे पाहत म्हणालो, "मला वाटत होतं, तू रात्री कुणाशी तरी बोलतेस. फोनवर. वर्षभर वाटत होतं."

ती माझ्याकडे वळली.

"दीड खोलीत?" ती म्हणाली. "पलीकडे आई, इकडे तुम्ही, आणि मी तुमच्याच उशाशी बसून प्रेमप्रकरण करत होते? काय डोकं आहे हो तुमचं!" ती हसली, पण ते हसू अर्ध्यातच फाटलं. तिनं तोंडावर पदर धरला. "मला वाटायचं तुम्ही आजारी आहात. मी रात्र रात्र उठून तुमच्या नोंदी लिहीत होते. तुम्हाला झोप लागली की मला बरं वाटायचं, आणि तुम्ही... तुम्ही माझे फोन..."

माळी पाइप गुंडाळून गेला. आमच्यासमोरून एक बाई हातात एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन गेली.

"रविवारी जाणार?" मी विचारलं.

"कालपर्यंत जाणार होते. आज माहीत नाही. आज तर जास्तच जावंसं वाटतंय."

ते बरोबर होतं. आयुष्यभर ज्या वेळी बोलायला हवं होतं त्या वेळी मी गप्प बसलो होतो, आणि गप्प राहण्याला मी मनाची खोली समजत आलो होतो. मी म्हणालो, "रात्री बोलतेस तसं आत्ता बोल."

"आत्ता?"

"आत्ता. मी ऐकतो."

"दिवसा नाही जमत मला." तिनं मान फिरवली. "तुम्ही समोर असलात ना, की तुमचे ते डोळे... आत काय चाललंय कळत नाही. बघत राहता नुसते."

मग मला एकच गोष्ट सुचली. ती हास्यास्पद होती, आणि आसपास माणसं होती, आणि मी माणसांत पाणी मागायलाही लाजणारा. मी बाकाच्या पाठीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

"हे काय?" ती म्हणाली.

सूर्य पापण्यांवर होता. आत सगळं तांबूस दिसत होतं. ती उठून गेली तर मला कळलं असतं. पर्सची चेन वाजली. एकदा उघडली, एकदा मिटली. बराच वेळ गेला. इतका, की तंबोरा जुळवताना एका तारेला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त. मग बाकावर ती थोडी सरकली. माझ्या बाजूला की दुसऱ्या, ते मला ठरवता येईना.

"लग्नाला दीड वर्ष झालं," ती हळूच म्हणाली. आवाज तोच होता, हेडफोनमधला. "या घरात मला कुणी नावानं हाक मारलेली नाही. आई 'अगं' म्हणतात. तू तर तेही म्हणत नाहीस. घसा खाकरतोस. दारात येऊन घसा खाकरलास की मी समजायचं, जेवायला वाढायचंय. कधी कधी मला माझं नाव आठवावं लागतं. खरंच. भाजीवाल्याकडे उभी असते आणि मनात म्हणून बघते, हेमांगी, हेमांगी... हसू नको."

"हसत नाही."

"डोळे उघडू नकोस."

मी उघडले नाहीत. ती बोलत राहिली. विट्याच्या घरच्या अंगणाबद्दल, तिला पुढं शिकायचं होतं त्याबद्दल, ती पहिल्यांदा कारखान्यात आली होती तेव्हा मी तिच्याकडे न बघता तार छेडून दाखवली होती त्याबद्दल. आणि माझ्यावरच्या रागाबद्दल, जो मला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ मोठा, पुष्कळ जुना होता. काही वाक्यं कानशीसारखी लागली. मला दोनदा वाटलं, आता डोळे उघडून माफी मागावी. पण ती मागितली असती तर ती थांबली असती, आणि मला ती थांबायला नको होती. माझ्या पापण्यांतून पाणी गालावर आलं. ते तिला दिसलं असावं, कारण एका शब्दावर ती अडली, आणि मग तशीच पुढे बोलत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. झाडूचा आवाज जवळ येत येत आमच्या पायांशी थांबला.

"काय गं बाई," वॉर्डातल्या कुणा मावशीचा आवाज आला, "रात्रभर झोपायला बिलं भरत्यात, आन् मालक हितं उन्हात झोपल्याती व्हय?"

"नाही मावशी," हेमांगी म्हणाली. "जागे आहेत ते."